सोडला का?

मशीन माझ्याकडे, अमळनेरात.
पतपेढीने भंगारात काढलं, मी साडेचार हजारांना घेतलं.
रात्री नऊला स्क्रीन उघडी करतो
आणि तिघं आत येतात.

हिलाल बापू साक्रीहून.
प्रमिलाताई भदाणे पारोळ्याहून, निवृत्त मुख्याध्यापिका,
अजून हजेरी घेतल्यासारखं, 'आहेत का सगळे?'
आणि फैजपूरचे फेगडे. ते फक्त बघतात.
कोश अहिराणीचा, त्यांची बोली लेवा,
तरी रोज येतात, एक शब्द बोलत नाहीत.
त्यांच्या बाजूने कुलरची घरघर तेवढी येते.

शब्द अकराशे. बाण एकच.
बापू साक्रीत माउस हलवतात,
इथे तो तीन सेकंदांनी निघतो
आणि एकदम उडी मारतो पानाच्या त्या टोकाला
जिथे ताई कुणाला वेलांटी देत असतात.
वेलांटी बापूंच्या शब्दावर बसते.
दोघं थांबतात. 'तुम्ही करा.' 'नाही, आधी तुम्ही.'
आणि बोळात समोरासमोर आलेल्या सायकलींसारखे
दोघं एकदमच पुन्हा निघतात.

म्हणून ठरलं, फोन चालू ठेवायचा,
बाण धरताना सांगायचं, सोडताना सांगायचं.
सोडला का?
सोडला.
धरू?
धरा.
बायको आतून विचारते, कोश करताय की पतंग उडवताय?

ताई मोबाइलवरून येतात,
त्यांना तळहाताएवढा डावा कोपराच दिसतो.
'खालचं दिसत नाही हो,' म्हणत त्या वर सरकवतात
आणि आमच्या सगळ्यांचंच पान वर जातं.

परवा माझं एक चुकलं, मी मागे घेतलं,
तर बापूंचा अर्धा 'प' गेला,
'पावना'पासून 'पोऱ्या'पर्यंत, दुपारभर बसून केलेला.
त्या कळीला काय माहीत, कोणाचं मागे घ्यायचं ते.
बापू रागावले नाहीत.
'आते काय,' म्हणाले, 'परत करसूत.'

भांडण फक्त एका जागी. 'आहे'पाशी.
बापू लिहितात शे.
ताई पुसून लिहितात से.
'मनी माय शे म्हणे.'
'माझी से म्हणायची.'
महिना झाला,
सकाळी उघडून बघावं, रात्री शेवटी कोण होतं.

आणि त्याच स्क्रीनवर, उजवीकडे वर,
माझी एक फाइल लपवायची राहून गेली होती.
नाव 'राजीनामा कच्चा'.
मी जेवायला उठतो तेव्हा स्क्रीन उघडीच असते,
हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.
आठवडाभर कोणी काही बोललं नाही.
मग एका रात्री ती उघडली, तर
'विनंति'ची 'विनंती' झालेली,
चेअरमनसाहेबांच्या नावातला राहिलेला काना आलेला,
'नाइलाजाने' तसाच, पण पिवळा केलेला.
तारखेची जागा मी रिकामी ठेवली होती.
ती रिकामीच.

कोणाचा हात, ते बाण सांगत नाही.
सगळ्यांचा सारखाच दिसतो, पांढरा, बिनसहीचा.
वेलांटी म्हणजे ताईच, असं वाटलं.
पण ताईंना उजवी बाजू दिसतच नाही.
बापू? बापू स्वतःच विनंति लिहितात.
फाइल मी नंतरही लपवली नाही.

काल साडेनऊला लाइट गेली.
स्क्रीन गेली, पंखा फिरत फिरत थांबला,
त्या क्षणी श होता की स, ते आत राहिलं.
फोन चालू होता.
'कोणी धरलाय?' ताई.
'मनाकडे नई,' बापू.
'माझ्याकडेही नाही.'
मग बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.
मी टेबलावर काडेपेटी चाचपत होतो.
फैजपुरात लाइट असावी, कुलर चालू होता.

आणि त्या घरघरीतून घसा खाकरल्याचा आवाज आला.
'त्या अर्जावर,' फेगडे म्हणाले,
'तारीख टाकली का हो तुम्ही?'